सव्वा महिना उशिरा

बारामतीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला लागले, त्या वर्षी तृतीय वर्षाला समुद्रावरची एक जुनी कादंबरी नेमलेली होती. वर्गात एकोणीस मुलं-मुली. त्यांतल्या चौघांनी समुद्र पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, अर्धा दिवस. मी स्वतः तेव्हा पाहिलेला नव्हता. डोलकाठी, शिडं, सुकाणू हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून समजावायचे. माझं जहाज बघून एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, हे उसाच्या ट्रॉलीसारखं दिसतंय." खरंच तसं दिसत होतं.

गोष्ट मात्र मुलांना समजायची. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याच्या हातून ऐन वादळात कसूर होते. चौकशीला हजर राहीन, असा शब्द देऊन तो सुटतो. मधल्या काळात एका बंदरात त्याचा एका बाईवर जीव जडतो. ती त्याला सांगते, इथेच राहा, तुला इथे कोणी शोधत येणार नाही. तो राहत नाही. दिलेला शब्द पाळायला जातो आणि तिकडेच मरतो. परीक्षेला दरवर्षी एकच प्रश्न यायचा, प्रेम मोठं की स्वाभिमान. उत्तराच्या नोट्स मीच काढल्या होत्या. स्वाभिमान मोठा, असं त्यांत पाच मुद्द्यांत लिहिलेलं होतं.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा अंथुर्ण्याचा. आमची ओळख एसटीतली, तो एम.एस्सी. आणि मी एम.ए. करत होते तेव्हाची, दोन वर्षांची, आणि नंतर दोन्ही घरांनी बसून मान्य केलेली. आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकचे. माझे वडील, म्हणजे आबा, ऊस लावायचे आणि माणसं ओळखण्याचा त्यांना थोडा गर्व होता. बैठकीत त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "चहात साखर किती लागती?" तो म्हणाला, "जेवढी घातली असंल तेवढी." आबांनी तिथेच होकार दिला.

तो एका खासगी साखर कारखान्यात केमिस्ट होता. तो कारखाना आता बंद पडला आहे. त्याच्या कामांतलं एक काम असं, की रोज संध्याकाळी सहा वाजता कारखान्याचं सांडपाणी जिथे ओढ्याजवळ येतं तिथे जायचं, बाटलीत पाणी घ्यायचं, त्याचा सामू, म्हणजे पीएच, रंग आणि वास बघायचा आणि रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. दहा मिनिटांचं काम. गाळप सुरू असलेल्या साडेचार महिन्यांत त्याने ते रोज केलं, फक्त एकच दिवस चुकला.

तो एक दिवस माझा होता. जानेवारी होता आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आले होते. माझे तास दुपारी संपले. त्याने दुपारनंतर कोणाला तरी सांगून सुटका करून घेतली आणि मोटारसायकलवर आम्ही इंदापूरच्या बाजूला गेलो. होडीवाल्याने आम्हाला पार आतपर्यंत नेलं. मला वर्गात क्षितिज समजावून सांगता येत नव्हतं, ते त्या दिवशी दिसलं. पाणी आणि आभाळ यांच्या मधे पक्ष्यांची एक गुलाबी रेघ होती. त्याने फोटो काढले. परतायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रजिस्टर उघडलं, वरच्या ओळीतले आकडे जवळपास तसेच चुकलेल्या दिवसाच्या ओळीत उतरवले आणि सही केली. हे मला त्याने तेव्हा सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय, असं त्यालाही वाटलं नसावं.

दोन दिवसांनी ओढ्यात मासे उलटे होऊन तरंगायला लागले. खालच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्याला वास सुटला, दोन म्हशी मेल्या. लोक कारखान्याच्या गेटवर आले. चौकशी बसली, आम्ही उजनीला होतो त्याच दिवशी घाण पाणी सुटलं असं निघालं आणि रजिस्टर मागवलं गेलं. सहीनिशी लिहिलेलं होतं, की त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पाणी ठीक होतं. म्हणजे मळीचं पाणी ओढ्यात सुटलं ते सहानंतर. सहानंतर व्हॉल्व्हवर एकच माणूस होता, पन्नाशीचा, बावीस वर्षं त्याच कामावर असलेला. त्याला घरी बसवलं.

मला हे कळलं फेब्रुवारीच्या शेवटी. लग्नाला दोन महिने राहिले होते. बस्ता कुठे आणि कधी बांधायचा हे ठरवायला तो कॉलेजच्या मागच्या कँटीनमध्ये आला होता. वडापाव पुढे आला तरी त्याने हात लावला नाही.

"ती नोंद खोटी हाय," तो म्हणाला. "मी त्या दिवशी तितं न्हवतोच. तुझ्यासोबत होतो."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं.

"म्हणजे व्हॉल्व्ह त्या माणसाने उघडा ठेवला नव्हता?" मी विचारलं.

"ते मला माहीत न्हाय. ठेवलाही असंल. पण पाणी दुपारीच, दुसऱ्याच्या पाळीत सुटलं असंल तर? माझ्या सहीमुळं ते कोण बघायलाच तयार न्हाय. मी लिहून देणार हाय."

"नोकरी जाईल."

"जाईल."

मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं, कारण पुढे बराच काळ मी ते मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. मी म्हणाले, "लग्न झाल्यावर दे लिहून. दोनच महिने थांब. इतके दिवस गेले, अजून दोन महिन्यांनी त्या माणसाचं काय बिघडणार आहे?"

त्याने वडापावची ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "तुझ्या आबांनी मग कुणाला पोरगी दिली म्हणायची?"

"माझ्यासाठी थांब, एवढंच म्हणतेय."

"तुझ्यासाठीच एकदा गेलो ना कामावरनं."

हे तो चिडून म्हणाला नाही, पण मला लागलं. मी पर्स उचलली आणि तासाला निघून गेले.

त्या तासाला मला निरोपाचं प्रकरण शिकवायचं होतं. बंदरातली बाई धक्क्यावर उभी राहते आणि तो होडीत बसतो, ते. मी ते शिकवलं. पाच मुद्दे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, त्या बाईचं पुढं काय झालं?" मी म्हणाले, "ते लेखकाने दिलेलं नाही, परीक्षेलाही येणार नाही." वर्ग हसला. मीही हसले असेन.

त्याने दुसऱ्या दिवशी लेखी जबाब दिला. गैरहजेरीचं कारण म्हणून 'खाजगी काम' असं लिहिलं. कुठे गेला होता, हे चौकशीत विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. पण रोहित पक्ष्यांचा फोटो त्याने त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवलेला होता आणि फोटोच्या कोपऱ्यात माझी ओढणी आली होती. कोणीतरी तो जपून ठेवला होता. चार दिवसांत तो फोटो बारामतीपासून इंदापूरपर्यंत फिरला. 'म्हशी मरत होत्या तवा केमिस्ट होडीत होता', असं त्याखाली लिहिलेलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलांपर्यंतही तो पोचला. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण तासाला अचानक शांतता राहायला लागली.

त्याच्याकडून राजीनामा घेतला. व्हॉल्व्हवरच्या माणसाला पुन्हा कामावर बोलावलं. आमच्या घरी चुलते जमले आणि सोयरीक मोडा म्हणाले. आबा ऐकत बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "नोकरी गेली तर गेली. पोरगं खोटं न्हाय. मी शब्द दिलाय, लगीन व्हईल."

मग मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "मला करायचं नाही."

आई म्हणाली, "लोकांच्या बोलण्याचं मनावर घिऊ नको."

लोकांचा प्रश्न नव्हता. मी दोन महिने मागितले होते आणि त्याने ते दिले नव्हते. त्याचा स्वाभिमान होता तसा माझाही होता, आणि माझ्याकडे तर त्यावर पाच मुद्दे तयार होते. साखरपुड्याची अंगठी मी भावाच्या हाती परत पाठवली. त्याने ती घेतली आणि काही निरोप दिला नाही. तो काहीतरी बोलेल याची मी वाट बघत होते, हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नसतं.

दोन वर्षं गेली. मला दोन-तीन स्थळं बघून गेली, माझ्याकडून काही पुढे सरकलं नाही. मी कादंबरी शिकवत राहिले. या सगळ्याला ती कादंबरीच कारणीभूत आहे, असं मला मनातून वाटायचं, कारण लग्न ठरल्यावर मीच त्याला माझी प्रत वाचायला दिली होती. सोबत डिक्शनरीही दिली होती. आपणच एखाद्याला शिकवावं आणि त्याने ते आपल्यावरच चालवावं, अशी ती भावना होती. तो नायकाच्या जागी आणि मी धक्क्यावर. ह्या चित्रात मला थोडं बरंही वाटायचं, हे आता इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर माझी ड्यूटी होती. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता, तिथे मुलगी अडली. "शेळ्या लिही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पैले कारखान्यात होतो. व्हॉल्व्हवर."

मी कारखान्याचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. गर्दी नव्हती. मी मुलीला झेरॉक्स काढायला पाठवलं आणि त्यांना खुर्ची दिली. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तुम्हाला परत कामावर घेतलं होतं ना?" मी विचारलं. "पेपरला वाचलं होतं."

"घेतलं की. पण न्हाय रमलो. येकदा घरी बसवलेला माणूस, समदी तसंच बघत्यात. सा महिन्यांत सोडलं."

"तो केमिस्ट खरं बोलला म्हणून सुटलात, असं ऐकलं."

"व्हय. घरी बी आला हुता. येकटाच. बायकोनं पाणी इचारलं न्हाय त्याला. मी लई शिव्या दिल्या. बसून ऐकल्या त्यानं. उठला बी न्हाय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "लोक म्हणत्यात लई मोठ्या मनाचा माणूस. मी म्हणतो, असंल. पण सव्वा महिना लागला त्याला. सव्वा महिना मी घरी बसलो हुतो, बाई. पोरगी धाव्वीला हुती, ती साळंत जायाची बंद झाली हुती."

मुलगी झेरॉक्स घेऊन आली. मी अर्ज तपासला, एक सही राहिली होती ती घेतली. ते गेले.

त्या दिवशी घरी जाताना मी जे मनात मांडलं ते असं. तो नायक वगैरे काही नव्हता. सव्वा महिना त्याने तोंड मिटून काढला होता, जेवला होता, कामावर गेला होता, माझ्याशी फोनवर लग्नपत्रिकेच्या रंगाबद्दल बोलला होता. त्याला भीती वाटली असणार. माझ्यासाठी तो थांबला नाही, असं मी धरून बसले होते, पण एका अर्थी तो थांबला होताच, आणि त्याची झळ तिसऱ्याला बसली होती. मी मागितलेले दोन महिने त्या मुलीच्या दहावीत गेले असते. असा उशीर झालेला, भ्यालेला माणूस मला समजत होता. धक्क्यावरून होडीत बसून जाणारा माणूस मला खरं तर कधीच समजला नव्हता, मी तो फक्त शिकवत होते.

आठ दिवसांनी मी त्याला फोन केला. नंबर तोच होता. तो इंदापुरात एका गाळ्यात माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवत होता. मी म्हणाले, भेटायचंय. तो म्हणाला, ये. गाळ्यात दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीभर बाटल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी पुस्तकाचा विषय काढला. म्हटलं, तुला ते वाचायला दिलं ही माझीच चूक झाली असं मला वाटायचं.

त्याला आधी आठवेना. मग तो जरा ओशाळला. "ती कादंबरी? पस्तीस पानं वाचली मी. डोलकाठ्या आणि दोरखंडच संपंनात. मग ठिवून दिली. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

"मग तू जबाब का दिलास?"

त्याने टेबलावरची एक बाटली उचलून भिंतीपाशी ठेवली. मग सांगितलं. फेब्रुवारीत एकदा तो इंदापूर-बारामती एसटीत चढला. गाडी भरलेली होती. व्हॉल्व्हवाले काका मधल्या सीटवर बसलेले होते. ह्याला उभं बघून ते उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमी बसा. मला हितंच उतरायचंय." हा बसला. ते उतरले नाहीत. बारामतीपर्यंत दांडा धरून उभे राहिले. "त्यांना माहीत न्हवतं की ती खोटी नोंद मीच केली," तो म्हणाला. "मी बसून ऱ्हायलो तासभर. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं कँटीनला आलो."

एवढंच कारण होतं. एवढी वर्षं मी ज्याला कादंबरी समजत होते ते एसटीतल्या एका सीटवर घडलेलं होतं.

आम्ही त्याच वर्षी लग्न केलं, नोंदणी पद्धतीने. आबा साक्षीदार म्हणून सही करायला आले. सही केल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी सांगत हुतो तवाच केलं असतं तर दोन वर्षं वाचली असती." मी हो म्हणाले.

स्वाभिमानी माणसाशी संसार कसा होतो, हे कादंबरीत नसतं, कारण तो आधीच मेलेला असतो. माझा जिवंत आहे. तो सहा वाजता घरी येतो, चहा मागतो. एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर गर्दीतून पुढे जाऊन तिकीट मागून घेतो आणि मागून लोक ओरडतात. दुकानदाराने जास्त परत दिलेले दहा रुपये द्यायला तो मला उन्हात उभं करून चौकापर्यंत परत जातो. हे कौतुकाने सांगण्यासारखं वाटतं, पण सोबत राहणाऱ्याला त्याचा कंटाळाही येतो. त्याला मी ते बोलून दाखवते. तो ऐकून घेतो. आणि तरी त्या सव्वा महिन्याबद्दल तो कधी बोलत नाही. मी एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, "ते सोड." मी सोडलं.

कॉलेजात कादंबरी बदलली, पुन्हा तीच आली. आता मी मुद्दे देत नाही. बंदरातल्या बाईने काय करायला हवं होतं, असा एक प्रश्न वर्गात टाकते आणि गप्प बसते. मुली जास्त बोलतात. एक म्हणाली, तिने सोबत जायला हवं होतं. दुसरी म्हणाली, तिला कोणी बोलावलं होतं का? दोघींनाही मी पूर्ण गुण दिले.

गेल्या वर्षी माझ्या भावाने कोऱ्हाळ्यात जारच्या पाण्याचा धंदा काढायचं ठरवलं. शेड उभी राहिली, मशीन आलं. परवान्यासाठी बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट लागत होता. घरचीच प्रयोगशाळा म्हणून बाटली आमच्याकडे आली. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. चहूबाजूंनी ऊस, वर्षानुवर्षं घातलेलं खत, निघणारच. भावाने मला फोन केला, त्याला नाही.

"ताई, एक आकडा तर हाय. मशीनमधून गेल्यावर पाणी शुद्धच व्हणार हाय. दाजींना सांग."

मी म्हणाले, विचारून सांगते. फोन ठेवला. नवरा बाहेर बाटल्या धूत होता. त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मला माहीत होतं. भावालाही माहीत होतं, म्हणून त्याने मला फोन केला होता. मी चहा ठेवला, तो उकळला, गाळला. मग भावाला फोन लावला.

"होणार नाही," मी म्हणाले.

"दाजी न्हाय म्हणले?"

"त्यांना विचारलंच नाही. मी नाही म्हणतेय."

त्याने फोन ठेवला. भाऊबीजेला तो आला नाही. आईने आबांना मध्ये घातलं, पण आबा म्हणाले, "त्यांचं त्यांना मिटवू द्या." नवऱ्याला मी हे आठवड्याने सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगायचंस, मी बोललो असतो." मी म्हणाले, म्हणूनच नाही सांगितलं.

मार्चमध्ये गाळ्यात एक अनोळखी मुलगी पाण्याची बाटली देऊन गेली. फॉर्मवर कोऱ्हाळ्याजवळच्या सोमेश्वरनगरचा पत्ता होता आणि नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. बाटलीवरच्या पट्टीवर मात्र 'नवीन बोअर, वरचं रान' असं लिहिलं होतं, आणि त्यातला 'र' माझ्या भावाचा होता. तो लहानपणापासून 'र' असाच काढतो, खाली लांब शेपटी सोडून. वरचं रान म्हणजे आमचं माळाचं रान, तिथे ऊस कधी लावलाच नव्हता.

मी नवऱ्याला काही बोलले नाही. त्याने तपासणी केली, आकडे लिहिले, सही केली. पाणी चांगलं होतं. रिपोर्ट पाकिटात घातल्यावर मी त्याला म्हणाले, "हे मी पोचवते, मला कोऱ्हाळ्याला जायचंच आहे."